स्लरीची लाइन खालून जाते: झीज आणि गंज ओळखण्यापासून पाइप फिरवण्यापर्यंत

माझ्याकडे २०० एनबी (नॉमिनल बोअर, म्हणजे नाममात्र २०० मिमी व्यासाच्या) पाइपचा कापून ठेवलेला एक तुकडा आहे. वरच्या बाजूला त्याची जाडी ८ मिमी भरते, अगदी नव्यासारखी. खालच्या बाजूला दीड मिमीसुद्धा नाही, आणि कडेला एक भोक आहे ज्यातून करंगळी आरपार जाते. सिन्नरच्या बाजूच्या एका क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) धुण्याच्या प्लांटवर रात्रपाळीत ही स्लरीची, म्हणजे पाण्यात मिसळलेली रेती नेणारी, लाइन फुटली. जवळ उभ्या असलेल्या मदतनीसाच्या पोटऱ्यांवर चिखल-रेतीचा फवारा बसला आणि कातडी सोलून निघाली. तो बरा झाला, पण गमबूट नसते तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो. आदल्याच आठवड्यात त्या लाइनची जाडी तपासली होती. तपासणाऱ्याने जाडी मोजणारा गेज वरून लावला होता, कारण वरून हात पोचत होता.

आमचे जुने वेल्डर मामा तेव्हा म्हणाले, "साहेब, पाइप खालून जातो. तुम्ही वरून बघता." त्या एका वाक्यात निम्मं शास्त्र आहे. उरलेलं निम्मं पाण्यात आहे, आणि तेच बहुतेक जण विसरतात. रेती पाइप घासते हे डोळ्यांना दिसतं. पाणी तो गंजवतं हे दिसत नाही, कारण गंज धरला की रेती तो लगेच पुसून नेते. नाशिक परिसरात क्रश सँडचे प्लांट आहेत, एकलहरेच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी राख पाण्यात मिसळून पाइपने राखेच्या तलावाकडे जाते, सांडपाण्याच्या लाइनमध्येही वाळू असते. पुढच्या पायऱ्या या सगळ्यांना लागू पडतात. उदाहरणं मात्र मी क्रश सँडची घेतो, कारण माझे हात त्यात मळले आहेत.

आधी गुन्हेगार दोन आहेत हे मान्य करा

आपल्याकडचा दगड म्हणजे बेसॉल्ट. पांडवलेणी ज्यात कोरली तोच. त्यातली खनिजं मोह्सच्या मापाने (खनिजांच्या कठीणपणाचं १ ते १० चं माप) ५ ते ६.५ कठीण असतात. दगडाच्या पोकळ्यांत गारेची खनिजं असतील तर ती ७ पर्यंत जातात. साधं माइल्ड स्टील ४ ते ४.५ च्या आसपास. म्हणजे प्रत्येक कण पाइपपेक्षा कठीण. त्यात क्रशरमधून आलेला कण टोकदार असतो. नदीत हजारो वर्षं घोळून गोल झालेल्या वाळूपेक्षा तो जास्त कापतो. नदीची वाळू चालवून ज्यांचा पाइप काही वर्षं टिकला, त्यांनी क्रश सँडवर तोच हिशेब धरू नये.

दुसरा गुन्हेगार पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. उघड्या टाकीत खळखळणाऱ्या पाण्यात तो लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅमपर्यंत असतो. स्थिर पाण्यात लोखंडावर गंजाचा थर बसतो आणि पुढचा गंज थोडा मंदावतो. स्लरीत रेती तो थर दर क्षणी खरवडते, उघडं लोखंड पुन्हा पाण्यापुढे येतं, पुन्हा गंजतं, पुन्हा खरवडलं जातं. त्यामुळे नुसती रेती अधिक नुसता गंज अशी बेरीज केली तर ती प्रत्यक्ष झिजेपेक्षा कमी भरते. दोघं मिळून जास्त खातात. हा जास्तीचा भाग वेगळा मोजण्यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची जी-११९ ही स्वतंत्र पद्धत आहे, यावरून तो किती मोठा असू शकतो ते समजा.

पहिली पायरी: लाइन पायी चालून कागदावर उतरवा

पंपाच्या तोंडापासून शेवटच्या टोकापर्यंत चाला. प्रत्येक स्पूल (दोन जोडांमधला पाइपचा सुटा तुकडा), बेंड, रिड्यूसर (व्यास बदलणारा तुकडा), व्हॉल्व्ह आणि फ्लँजला (बोल्टने जोडायची चकती) नंबर द्या आणि ऑइल पेंटने पाइपवर लिहा. खडूने लिहिलेलं पहिल्या पावसात जातं. लाइन कुठे आडवी, कुठे उभी, कुठे चढावर आहे ते नोंदवा. उभ्या पाइपमध्ये झीज बहुधा सगळीकडून सारखी असते. आडव्यात ती तळाला असते. तिरक्या चढावर सगळ्यात वाईट, कारण खाली बसलेला थर मागे घसरू पाहतो आणि प्रवाह त्याला रेटत राहतो.

प्रवाह ज्या दिशेने जातो तिकडे तोंड करून प्रत्येक पाइपवर घड्याळ कल्पा. वर १२, उजवीकडे ३, तळाला ६, डावीकडे ९. पुढे सगळ्या नोंदी या भाषेत करा. "स्पूल १४, मध्य, ६ वाजता" असं लिहिलं की तीन वर्षांनी आलेला नवा माणूससुद्धा त्याच ठिकाणी गेज लावतो.

दुसरी पायरी: स्लरीला ओळखा

एक लिटरचा डबा, वजनकाटा आणि चाळणी एवढंच लागतं. वाहत्या स्लरीचा डबा काठोकाठ भरा आणि निव्वळ वजन घ्या. समजा ते १२०० ग्रॅम आलं आणि रेतीची घनता २.६५ आहे. म्हणजे स्लरीची घनता १.२. घन पदार्थाची वजनातली टक्केवारी काढायची तर (२.६५ गुणिले ०.२) भागिले (१.२ गुणिले १.६५). ०.२ आणि १.६५ हे त्या दोन घनतांमधून पाण्याची १ वजा करून आले. उत्तर सुमारे २७ टक्के. आपला बेसॉल्ट यापेक्षा जड असतो आणि राख हलकी, म्हणून स्वतःच्या मालाची घनता एकदा प्रयोगशाळेतून काढून आणा आणि २.६५ च्या जागी ती, १.६५ च्या जागी तिच्यातून १ वजा करून घाला. दिवसातून तीन वेळा मोजा. मी पाहिलेल्या बहुतेक प्लांटवर सकाळचा आणि दुपारचा आकडा जुळत नाही, आणि लाइन चोक होण्याचं कारण तिथेच सापडतं.

पाण्याचा पीएच, तापमान आणि क्लोराइड मोजा. पीएच ४ च्या खाली गेला तर लोखंडावर कुठलाच थर टिकत नाही आणि गंज झपाट्याने वाढतो. ४ ते १० च्या मधे गंजाचा वेग मुख्यतः ऑक्सिजन ठरवतो. पाणी फिरवून पुन्हा वापरत असाल तर महिन्यामहिन्याला क्षार वाढत जातात. एकदाच मोजून फाइल बंद करू नका.

तिसरी पायरी: वेग काढा. सगळा खेळ इथे आहे

शेड्यूल ४० च्या (शेड्यूल म्हणजे जाडीचा प्रमाणित वर्ग) २०० एनबी पाइपचा बाहेरचा व्यास २१९.१ मिमी आणि जाडी ८.१८ मिमी. आतला व्यास २०२.७ मिमी, म्हणजे छेद ०.०३२३ चौरस मीटर. ताशी २३२ घनमीटर प्रवाह असेल तर वेग सेकंदाला २ मीटर येतो. आकडेमोड स्वतःच्या लाइनची करा. पंपाच्या पाटीवरचा प्रवाह धरू नका, टाकी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

आता दोन बाजू. वेग कमी झाला तर कण तळाला बसतात, थर घसरत चालतो आणि तळ खरवडतो. वेग वाढला तर झीज वेगाच्या दुसऱ्या ते तिसऱ्या घाताने वाढते. २ चे २.५ मीटर केलेत तर वेग सव्वापट झाला, झीज मात्र साधारण दीड ते दुपटीपर्यंत जाते. म्हणून कण खाली बसणार नाहीत एवढाच वेग ठेवायचा, वर थोडा राखीव, त्याहून जास्त नाही. ७५ मायक्रॉनच्या आतला गाळ असेल तर २०० एनबीमध्ये १.५ ते २ मीटरवर काम भागतं. त्याच पाइपमधून एक-दोन मिमीची जाड रेती न्यायची असेल तर ३ मीटरच्या पुढे जावं लागतं. म्हणून जाड रेती पंपावर चढवण्याआधी चाळून वेगळी काढता आली तर काढाच. एवढा फायदा दुसरा कुठलाच उपाय देत नाही.

वेग कमी करायचा तर पंपाचे फेरे कमी करा: पुली बदला किंवा व्हीएफडी (मोटरचे फेरे कमी-जास्त करणारं यंत्र) लावा. व्हॉल्व्ह अर्धा बंद करून प्रवाह दाबू नका. अर्ध्या उघड्या नाइफ गेट व्हॉल्व्हच्या पात्याखालून सुटलेली धार व्हॉल्व्ह तर खातेच, पण त्याच्या पुढचा मीटरभर पाइपही खाते. स्लरीच्या लाइनवर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही.

चौथी पायरी: जाडी मोजा, पण नीट मोजा

अल्ट्रासोनिक जाडी गेज आता लहान प्लांटलाही परवडतो, भाड्यानेही मिळतो. चुका मात्र त्याच त्या होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

गेजचं कॅलिब्रेशन शक्यतो त्याच पाइपच्या कापलेल्या तुकड्यावर करा, ज्याची जाडी मायक्रोमीटरने मोजली आहे. स्टीलमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर धरतात. रंगात तो बराच कमी असतो, म्हणून ०.३ मिमी रंगाचा थर गेजला पाऊण मिमी लोखंडासारखा दिसतो. पातळ झालेल्या पाइपवर पाऊण मिमीची खोटी भर म्हणजे जिवाशी खेळ. मोजायच्या जागेवरचा रंग आणि सुटा गंज वायर ब्रशने काढा. ग्राइंडर लावू नका, तो लोखंडच काढतो. जेल किंवा ग्रीस लावा. दोन स्फटिकांचा प्रोब असेल तर त्याची मधली रेघ पाइपच्या लांबीला आडवी धरा. पाइप अगदी पातळ असेल, मिलिमीटरच्या आसपास, तर काही गेज दुप्पट आकडा दाखवतात. म्हणून शेजारच्या आकड्यांच्या मानाने एखादा अचानक विचित्र आला तर खूश होऊ नका, हातोडीने हलकं वाजवून आवाज ऐका, दुसऱ्या गेजने तपासा. वाजवणंही लाइन बंद करून, दाब उतरवून.

सरळ पाइपवर दर स्पूलला निदान दोन ठिकाणी, दर ठिकाणी ५, ६, ७ आणि १२ वाजता असे चार आकडे घ्या. तळाचे तीन का? पाइप अगदी समपातळीत नसतो, सर्वात खोल झीज कधी ५ कडे सरकते, कधी ७ कडे. बेंडवर बाहेरच्या पाठीवर पन्नास-पन्नास मिमीची जाळी आखा आणि बेंड संपल्यावर पुढे दोन व्यास, म्हणजे २०० एनबीला ४०० मिमी, मोजत जा. गोदावरीचं पात्र वळतं तिथे बाहेरचा काठ तुटतो, तसंच हे. पण जास्त झीज वळणाच्या ऐन मध्यावर नसून पुढच्या अर्ध्यात, आणि कधी बेंडच्या पुढच्या सरळ पाइपमध्ये सापडते.

पुढचा हिशेब दिवसांवर नको, चालू तासांवर हवा. समजा ६ वाजताचा आकडा ७.१ होता, १४०० तास चालल्यावर ६.४ झाला. झीज दर हजार तासांना ०.५ मिमी. ३ मिमीवर पाइप काढायचा ठरवलं तर उरले ३.४ मिमी, म्हणजे ६८०० तास. १० बार दाबाला नुसत्या दाबाच्या सूत्राने या व्यासाला साधारण एक मिमी जाडी पुरते असं कागदावर येईल. त्यावर जाऊ नका. पाइपला स्वतःचं आणि आतल्या रेतीचं वजन पेलायचं असतं, पंप सुरू-बंद होताना हादरे बसतात, आणि सगळ्यात पातळ जागा तुमच्या गेजखालीच आली याची खात्री नसते. मी ३ मिमीच्या खाली पाइप चालू ठेवत नाही.

पाचवी पायरी: पाइप उघडून आत बघा

एक स्पूल काढा, धुवा आणि लगेच बघा. उशीर केलात तर तासाभरात सगळं तांबूस होतं आणि पुरावा जातो. तळ चकचकीत, प्रवाहाच्या दिशेने लहान लाटा किंवा घोड्याच्या नालेसारखे खड्डे असतील तर ती मुख्यतः रेतीची करामत. तपकिरी फोड, ते खरवडल्यावर खाली काळा चिखल आणि गोल खड्डा असेल तर गंज. लाइन अर्धवट भरून चालते तिथे पाण्याच्या पातळीच्या रेषेत दोन्ही बाजूंना गंजाची पट्टी दिसते. फ्लँजच्या लगेच पुढे ओरखडा असेल तर दोष बसवणाऱ्याचा: गास्केट आत आलं आहे, दोन पाइपांचे आतले व्यास जुळत नाहीत, किंवा वेल्डचा मणी आत लोंबतो आहे. असा आतला उंचवटा दोन मिमीचा असला तरी त्याच्यामागे भोवरा तयार होतो आणि तिथेच पहिलं भोक पडतं.

सहावी पायरी: पाणी एकटं किती खातं ते बघा

माइल्ड स्टीलचा ५० बाय २५ बाय ३ मिमीचा तुकडा घ्या. घासून, वाळवून मिलिग्रॅमपर्यंत वजन करा आणि नायलॉनच्या दोरीने परतीच्या निवळ पाण्याच्या टाकीत लटकवा. तीस दिवसांनी काढा, गंज साफ करा, पुन्हा वजन करा. पृष्ठफळ २९.५ चौरस सेंमी, वेळ ७२० तास, घनता ७.८५. ५०० मिलिग्रॅम घट आली तर वार्षिक गंज म्हणजे (८७.६ गुणिले ५००) भागिले (७.८५ गुणिले २९.५ गुणिले ७२०). ८७.६ हा एककं जुळवणारा ठरलेला आकडा. उत्तर वर्षाला ०.२६ मिमी.

आता मन घट्ट करा. पाइप दर हजार तासांना ०.५ मिमी जातो आहे आणि तुकडा वर्षाला पाव मिमी, मग गंजाचा काय संबंध, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. त्याच भरात एका प्लांटवर मी ४०० ब्रिनेल कडकपणाच्या स्टीलचे स्पूल सुचवले. खर्च बराच झाला, आयुष्य अपेक्षेच्या निम्मंही वाढलं नाही. कारण ते स्टील कडक असलं तरी साध्या स्टीलइतकंच गंजतं, आणि रेतीने उघडं पाडलेलं लोखंड टाकीतल्या निवांत तुकड्यापेक्षा कितीतरी वेगाने गंजत असतं. टाकीतला आकडा म्हणजे गंजाची खालची मर्यादा. वरची मर्यादा पाइप स्वतः सांगतो. त्या मालकांची मी तेव्हाच माफी मागितली.

आता उपाय, स्वस्त ते महाग

पाण्यापासून सुरुवात करा. परतीचा पाइप टाकीत वरून धबधब्यासारखा पडत असेल तर त्याचं तोंड पाण्याच्या पातळीखाली न्या. हवा ओढली जाणं कमी होतं. पंपाच्या सक्शनला भोवरा पडून हवा जात असेल तर टाकीतली पातळी वाढवा, ग्लँडमधून (पंपाच्या शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून) हवा ओढते का ते पाहा. पाणी आम्लधर्मी असेल तर चुन्याने पीएच वाढवता येतो. छत्तीसगडमधल्या किरंदुलपासून विशाखापट्टणमपर्यंत २६७ किमीची लोहखनिजाची लाइन आहे. अशा लांब लाइन माल बारीक दळून, मर्यादित वेगाने आणि पाण्याचा पीएच वर ठेवून चालवतात. आपली लाइन ३०० मीटरची असली तरी नियम तेच. चुना मात्र अंदाजाने टाकू नका. जास्त झाला तर पाइपमध्ये आणि नोझलवर पांढरा थर धरतो.

मग पाइप फिरवा. फक्त तळ झिजत असेल तर वरचं लोखंड फुकट पडून आहे. ३ मिमीची वाट न पाहता ५.५ च्या आसपास फिरवा, कारण झिजलेला भाग बाजूला गेला तरी थोडा झिजतच राहतो. पुस्तकात १२० अंश लिहिलेलं असतं. पण १५० क्लासच्या (दाबाचा प्रमाणित वर्ग) २०० एनबी फ्लँजला ८ बोल्ट असतात, म्हणजे पाइप ४५ अंशांच्या पटीतच फिरतो. १२० तिथे बसतच नाही. १३५ फिरवा, पुढच्या वेळी आणखी १३५. २५० आणि ३०० एनबीला १२ बोल्ट असतात, तिथे १२० नीट बसतं. फिरवल्यावर नव्या तळाची पहिली नोंद त्याच दिवशी घ्या आणि पाइपवर तारीख व बाण रंगवा. गास्केट नवं घाला आणि आत डोकावत नाही ना ते बोटाने फिरवून बघा.

बेंड मोठ्या त्रिज्येचे घ्या आणि दोन फ्लँजमध्ये सुटे ठेवा, म्हणजे बदलणं तासाभराचं काम होतं. एक बेंड कायम राखीव असू द्या. पंपाच्या तोंडाला लगेच बेंड देऊ नका.

अस्तराचा विचार यानंतर. ओतीव बेसॉल्टचं अस्तर म्हणजे आपल्या पायाखालचाच दगड साधारण १२५० ते १३०० अंशांवर वितळवून साच्यात ओतलेला. तो मोह्सच्या मापाने ८ च्या आसपास जातो आणि गंजत नाही, म्हणजे दोन्ही गुन्हेगारांवर एकच उपाय. बेंडसाठी मला तो फार आवडतो. पण तो ठिसूळ आहे. हातोडी, घाईची क्रेन आणि बाहेरून केलेलं वेल्डिंग यांनी तडकतो. आणि २०० एनबीच्या पाइपमध्येच २५ मिमी अस्तर घातलंत तर आतला व्यास १५३ मिमीवर येतो, वेग पावणेदोनपट होतो. अस्तर घालायचं तर बाहेरचा पाइप मोठा घ्या.

बारीक गाळासाठी रबर उत्तम, टोकदार खडे आले की फाटतं. एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) बारीक मालाला चांगलं टिकतं आणि गंजाचा प्रश्नच मिटतो, पण त्याचा दाबाचा आकडा २० अंशांचा असतो. ४० अंशांवर तो साधारण पाऊणपट उरतो, आणि एप्रिलच्या उन्हात पडलेला काळा पाइप हवेपेक्षा बराच जास्त तापतो. स्टेनलेस ३०४ गंजत नाही म्हणून कोणी सुचवेल. त्याचा बचावही एका पातळ थरावरच असतो, आणि रेती तोही पुसते. शिवाय माइल्ड स्टीलला जोडून बसवलं तर जोडाजवळचं साधं स्टील आणखी लवकर जातं.

भोकावर बाहेरून मारलेला पॅच फक्त शटडाउनपर्यंत. लाइन बंद, दाब शून्य, पंपाचा स्विच कुलपात, चावी वेल्डरच्या खिशात, मगच टॉर्च पेटवायचा. गळतं भोक हाताने, चिंधीने किंवा पाचर ठोकून दाबायचं नाही. कडा कागदासारख्या पातळ असतात, ठोकलं की हाताएवढं भोक पडतं. पॅचवर तारीख लिहा. महिन्याहून जुना पॅच दिसला तर तो स्पूल पुढच्या बंदच्या यादीत सगळ्यात वर.

पंप थांबवण्याआधी माल बंद करून साधं पाणी सोडा, शेवटच्या टोकाला निवळ पाणी येईपर्यंत. तळाला राहिलेल्या गाळाखाली ऑक्सिजन पोचत नाही, बाजूला पोचतो, आणि या फरकानेच गाळाखाली खड्डे पडतात. पावसाळ्यात प्लांट महिनाभर बंद राहणार असेल तर धुऊन लाइन पूर्ण रिकामी करा, खोलगट जागांचे ड्रेन उघडे ठेवा. सुरू करताना त्याच ड्रेनच्या खालच्या बाजूला, ६ वाजता, पहिला गेज लावा.